चौकट : मचाणाआधी झाड पारखा

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मचाणावरून होणाऱ्या हरणांच्या शिकारीला लगाम बसला. मचाण मात्र टिकले. बुद्धपौर्णिमेला राज्यातल्या जंगलांत पाणवठ्यावरचे प्राणी त्यावरूनच मोजतात. पण येडशी रामलिंग घाट अभयारण्यासारख्या कोरड्या, पानगळीच्या रानात सरळसोट झाड सहज सापडत नाही. ‘फांदी जाड आहे, चालेल’ हे म्हणणे फसवे, कारण कललेल्या खोडावर भार एकाच अंगाला येतो आणि जाड फांदीही आतून पोखरलेली असू शकते. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, बेचक्यात चीर दिसली, तर ते झाड सोडावे. ‘पाणवठ्याजवळ दुसरे झाडच नाही’ ही अडचण खरी. तिला उत्तर शेतातल्या राखणीच्या माळ्याचे : चार खांब पुरून मचाण उभारावे. रात्रभर जागल्यावर पहाटे डुलकी लागतेच. कमरेचा दोर पक्क्या आधाराला बांधूनच बसा.