दाखल्याची वाट : भाग सहावा
घरकुल, पेन्शन आणि चाळीस टक्के

खांबच्या नाक्यावर उभं राहिलं की मुंबई-गोवा महामार्ग समोरूनच जातो. पण पायाने अधू माणसाला सरकारी मदत हवी असेल तर तो रस्ता त्याला तीन गावं फिरवतो. तहसील आणि पंचायत समिती रोह्याला. अपंगत्वाची तपासणी करणारं जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे नागोठणे, वडखळ, पोयनाड करत. शिवाय माणूस कातकरी किंवा ठाकूर असेल तर आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पेणला. मागच्या भागात रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त कसं करायचं ते पाहिलं. आज त्याच कार्डाच्या आधाराने होणारी दोन कामं.

पहिली गफलत इथेच होते. ‘घरकुलाचा फॉर्म भरलाय, अजून आलं नाही,’ असं लोक सांगतात. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) नुसता फॉर्म भरून घर मिळत नाही, नाव यादीत असावं लागतं. आधी 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेची यादी, मग 2018 चं आवास प्लस सर्वेक्षण, आणि अलीकडे 2025 मध्ये पुन्हा एक. याद्या ग्रामसभेपुढे येतात, हरकत तिथे घ्यायची. पेन्शनचं बरोबर उलटं आहे. तिथे कुणी यादी करायला दारात येत नाही, तुम्हालाच अर्ज करावा लागतो. घरकुलाची वाट पंचायत समितीतून जाते, पेन्शनची तहसीलमधून. एका ठिकाणी दिलेला कागद दुसरीकडे आपोआप पोचेल या भरवशावर लोकांची वर्षं जातात.

यादीत अपंग माणसाच्या घराला झुकतं माप असतं, पण 2011 च्या गणनेतली अट नीट वाचावी. घरात अपंग व्यक्ती असली आणि धडधाकट प्रौढ कुणीच नसलं, तरच ते घर त्या निकषात बसे. बायको मजुरीला जात असेल तर ती धडधाकट, म्हणून घर निकषाबाहेर. माझ्या मते ही अट कागदावर शहाणी दिसते आणि वाडीवर अन्यायाची ठरते, कारण त्या एका बाईच्या मजुरीवर दोन माणसं जगत असतात. निदान 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 37 माहीत असू द्यावं. गरिबी निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण, त्यातही अपंग स्त्रियांना प्राधान्य. ग्रामसभेत हे कलम आकड्यासकट बोललं की ग्रामसेवक मान वर करून बघतो. (त्याचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण हाक ‘भाऊसाहेब’ हीच.)

घरकुलाचे सपाट भागात 1,20,000 रुपये, शिवाय रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12,000. कातकऱ्यांना नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमधून घरासाठी 2 लाख.

पेन्शन म्हणजे बोलण्यातले ‘संजय गांधीचे पैसे’. अपंगत्व किमान 40 टक्के, राज्यात 15 वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांपर्यंत. इतर निराधारांना हीच मर्यादा 21,000 आहे. सेतूवाला कधी कधी चुकून तीच सांगून परत पाठवतो, तेव्हा ठाम राहावं. महिन्याला 1,500 मिळत ते अपंगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2,500 करण्यात आले.

सगळं अडतं ते 40 च्या आकड्यावर. हा आकडा सहानुभूतीने ठरत नाही, केंद्राच्या तक्त्याने ठरतो. एक डोळा पूर्ण गेलेल्या माणसाला तो तक्ता 30 टक्केच देतो. असा मजूर आयुष्यभर एका डोळ्याने कोयता चालवेल, पण पेन्शनला पात्र नाही. टक्केवारी चुकीची वाटली तर दाखल्यानंतर 90 दिवसांत अपील करता येतं. अलिबागला जाण्याआधी एक पाहून घ्यावं : आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना. अपंगत्वाचं ओळखपत्र निघाल्यावर त्यावरचं नाव बदलणं हा नवा प्रवास असतो, आणि ज्याला एसटीची पायरी चढवत नाही त्याच्यासाठी प्रत्येक खेप म्हणजे सोबत येणाऱ्याचीही बुडालेली मजुरी.

आता ज्याबद्दल कुठलाच कार्यालयीन कागद बोलत नाही ते. घरकुल मंजूर झालं की लोक सुटलो म्हणतात, आणि खरी चूक तिथून पुढे होते. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण सोळा बाय सतरा फूट. कोकणातला पाऊस, म्हणून गवंडी जोतं दोन फूट उचलतो आणि पुढे तीन पायऱ्या ठेवतो. चाकाच्या खुर्चीला उतार लागतो एकास बारा. दोन फूट जोत्याला चोवीस फूट उतार, म्हणजे घरापेक्षा लांब! अंगणात तो सरळ मावत नाही, भिंतीला लागून वळवून घ्यावा लागतो. दरवाजा अडीच फुटी ठेवला तर खुर्चीचं चाक धरलेले हात चौकटीवर सोलतात. तीन फूट हवा. शौचालय मागे वेगळं आणि त्यालाही पायरी, मग पावसात त्या माणसाला उचलूनच न्यावं लागतं.

हे सारं जोतं आखायच्या दिवशी सांगायचं असतं. हप्ता मिळण्यासाठी जोत्याचा फोटो मोबाइलवरून चढवला जातो, आणि पैसे आले की गवंडी भिंती चढवायला लागतो. त्या सकाळी घरातल्या माणसाला खुर्चीसकट तिथे न्यावं, फक्कीच्या रेघांमधून एकदा फिरवावं, कुठे अडतंय ते त्यालाच विचारावं. उताराची जागा तेव्हाच दोरी लावून खुणावावी, म्हणजे तिथे वाळूचा ढीग पडणार नाही.