अंतर जास्त, तरी वेळ कमी!

दोन विमानतळांमधील अंतर ठाऊक असले, की त्याला विमानाच्या वेगाने भागावे आणि प्रवासाचा वेळ काढावा, असा सर्वसाधारण समज असतो. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाने तो खोटा ठरविला आहे.

पृथ्वी गोल असल्याने या दोन शहरांमधील सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर दिसतो तसा नसून, हिमालय व सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावरून जातो. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. पण विमानाला ही सरळ वाट धरता येतेच असे नाही. केबिनमधील हवेचा दाब गेल्यास विमान तातडीने सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली आणावे लागते, आणि तिबेटचे पठार तर सरासरी ४,००० मीटरहून उंच! शिवाय कोणत्या देशाची हवाई हद्द खुली आहे, हाही प्रश्न असतोच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना लांबचा वळसा पडला आणि इंधनासाठी वाटेत युरोपात उतरावे लागले.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, ती अटलांटिक महासागरावरून. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये मात्र तिचे बोइंग ७७७-२००एलआर विमान उलट दिशेने, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले.

ही किमया ‘जेट स्ट्रीम’ची. विषुववृत्तीय व ध्रुवीय प्रदेशांच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे प्रवाह वाहतात. नेमक्या याच उंचीवरून प्रवासी विमाने उडतात. ठोकळ हिशेब करून पाहावा. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर धरला आणि पाठीमागून ताशी १५० किलोमीटरचा वारा मिळाला, तर जमिनीच्या संदर्भात वेग १,०५० होतो व १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत संपतात. समोरून अवघा ५० किलोमीटरचा वारा असला, तर १३,९०० किलोमीटरनाही सव्वासोळा तासांहून अधिक वेळ लागतो. हे वारे हिवाळ्यात जोर धरतात, त्यामुळे एकाच मार्गाचा वेळ ऋतुमानाप्रमाणेही बदलतो.

वेळापत्रक वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यातील वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, आणि विमान धावपट्टीकडे सरकते तो वेळही त्यांत धरलेला असतो. सॅन फ्रान्सिस्को दिल्लीच्या उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. त्यामुळे उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे चारला निघून साडेचौदा तास उडालेला प्रवासी, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून, त्याच तारखेस सकाळी सहाला तेथे उतरतो.