मुक्त सुरांचा प्रवासी : ऑर्नेट कोलमन

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवतात. लग्नसराईत ते रात्री दोन-दोन वाजता घरी येतात आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात. त्यांना स्वरलिपी वाचता येत नाही. सिनेमाचे गाणे दोनदा कानावर पडले की तिसऱ्यांदा ते त्यांच्या वाद्यातून निघते, एवढेच त्यांचे संगीताचे शिक्षण. मी कॉलेजात आलो तेव्हा "वडील काय करतात?" या प्रश्नाला "शेती" असे उत्तर देत असे. ते अगदी खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, ज्या कलावंताविषयी मी लिहिणार आहे त्याचे वादन पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले. वडिलांना मात्र आले नाही. असे का झाले याचा शोध घेताना जे वाचले, ऐकले आणि थोडेफार समजले ते येथे मांडत आहे.

इतिहासाच्या तासाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीवर बोलता बोलता सरांनी ऑर्नेट कोलमन हे नाव घेतले आणि म्हणाले, "ऐकून बघा. बहुधा आवडणार नाही." त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून मी मोबाइलवर त्याची 'लोनली वुमन' ही धून लावली. मला वाटले, वादक अजून सूरच जुळवीत आहेत! मी ती बंद करणार तोच रीड पुसत बसलेले वडील म्हणाले, "राहू दे, राहू दे. ठेका ऐक की. खाली ठेका पळतोय आणि वर हा सावकाश रडतोय. सोपं नाही ते."

त्यांचे म्हणणे खरे होते, हे मला पुढे कळले. त्या धुनेत ड्रम आणि बास ही वाद्ये जलद चालतात आणि त्यांच्यावर सॅक्सोफोन व ट्रम्पेट जणू वेळेचे भानच नसल्यासारखे संथ, विलापाचे सूर लावतात.

आता जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात हे संगीत वाढवले. शेतातली आणि चर्चमधली गाणी, ब्लूज नावाची दुःखाची गाणी आणि मिरवणुकीच्या बँडची वाद्ये यांतून ते घडले. आपल्याकडे ख्यालगायक बंदिश मांडतो, तिचा विस्तार करतो आणि पुन्हा समेवर येतो. जॅझमध्येही आधी धून वाजते, मग एकेक वादक आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करतो आणि शेवटी पुन्हा धून येते.

फरक आहे तो कॉर्डचा. पियानोवर तीन-चार स्वर एकदम दाबले की जो स्वरसमूह होतो त्याला कॉर्ड म्हणतात. गाण्यात हे कॉर्ड ठरलेल्या क्रमाने बदलत जातात. क्रम संपला की पुन्हा पहिल्यापासून. विस्तार करणाऱ्याने त्या त्या क्षणी चालू असलेल्या कॉर्डला धरून स्वर निवडायचे असतात. एस.टी.चे थांबे जसे ठरलेले असतात तसेच हे. १९४० नंतर चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांच्या पिढीने हे थांबे वाढवले आणि गाडीही भरधाव सोडली. बीबॉप म्हणतात ते हेच. ते ज्याला जमेल तोच खरा वादक, असे मानले जाऊ लागले. ऑर्नेट कोलमनने विचारले, थांबे आधीच ठरवायचे कशासाठी?

ऑर्नेटचा जन्म ९ मार्च १९३० रोजी टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे झाला. तो सात वर्षांचा असताना वडील वारले. घरची स्थिती बेताची होती. त्याने लहानसहान कामे करून आईपाशी पैसे साठवले आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला ऑल्टो सॅक्सोफोन मिळाला. शिकवणीला पैसे नव्हते. तो पियानोच्या पुस्तकावरून एकटाच शिकू लागला.

येथे एक चूक झाली. ऑल्टो सॅक्सोफोनवर ज्याला 'सी' म्हणतात तो स्वर वाजवला तर कानाला पेटीवरची काळी दोन ऐकू येते. पियानोवरचा 'सी' मात्र पांढरी एक. हे सांगणारे कोणी नसल्यामुळे ऑर्नेटने स्वरांची नावे चुकीची धरली आणि तशीच पक्की केली. पुढे तो चर्चच्या बँडमध्ये गेला तेव्हा बँडप्रमुखाने ही चूक सर्वांसमोर उघडी केली.

हा प्रसंग वाचताना मला थांबावे लागले. गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी दुष्काळावर बोलत होतो. तिसऱ्याच वाक्यात "पानी" म्हणालो. सभागृहात हशा पिकला. पुढचे भाषण आठवेना, खाली येऊन बसलो. आमच्या घरात आजवर कोणी "पाणी" म्हटलेले नाही. माझ्या कानाला तीच पट्टी ठाऊक होती. त्यानंतर कित्येक दिवस मी वर्गात तोंड उघडले नाही.

ऑर्नेटने मात्र वाद्य सोडले नाही. त्याने खरी नावे शिकून घेतली. परंतु एक गोष्ट त्याच्या मनात कायमची बसली असावी, असे मला वाटते. एकाच नावाचा स्वर दोन वाद्यांवर वेगळा निघत असेल, तर नाव म्हणजे स्वर नव्हे. स्वराचा अर्थ त्याच्या जागेवर आणि सोबतीवर ठरतो. त्याच्या पुढच्या साऱ्या संगीताचे बीज मला या जागी दिसते.

त्यासाठी त्याला सोसावे लागले ते थोडेथोडके नाही. संचलनाच्या धुनेत स्वतःचे सूर घातले म्हणून शाळेच्या बँडमधून त्याला काढून टाकले. नाचगाण्याच्या बँडबरोबर तो गावोगाव फिरू लागला. १९४९ साली लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे त्याचे वादन न रुचलेल्या लोकांनी त्याला नृत्यगृहाबाहेर गाठून बेदम मारले आणि त्याचा सॅक्सोफोन मोडला. लोक कंटाळतात, उठून जातात, हे आपण पाहतो. पण सुरांसाठी मार खाल्लेला माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही.

पुढे तो लॉस एंजेलिसला गेला. तेथे एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवण्याची नोकरी त्याने केली. लिफ्टला गिऱ्हाईक नसले की ती थांबवून तो संगीतशास्त्राची पुस्तके वाचत असे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने चित्रांच्या दालनात एका श्रीमंत गोऱ्या स्त्रीचे चित्र पाहिले. तिच्यापाशी सारे काही होते, पण चेहऱ्यावर कमालीचा एकाकीपणा होता. 'लोनली वुमन' ही धून त्या चित्रावरून सुचली, असे त्याने सांगितले आहे. ज्याच्या हाती काही नाही त्याला, जिच्याकडे सर्व आहे तिचे दुःख दिसावे, याला मी खरी कलावंताची दृष्टी म्हणतो.

१९५४ मध्ये पितळी सॅक्सोफोन परवडेना म्हणून त्याने पांढऱ्या प्लॅस्टिकचा ग्राफ्टन कंपनीचा सॅक्सोफोन घेतला. लोकांना ते खेळणे वाटले. त्याला मात्र त्याचा कोरडा, माणसाच्या आवाजासारखा सूर आवडला आणि बरीच वर्षे त्याने तोच वाजवला. हळूहळू त्याला समानधर्मी सोबती मिळाले : छोटा ट्रम्पेट वाजवणारा डॉन चेरी, बासवादक चार्ली हेडन, ड्रमवादक बिली हिगिन्स. १९५८ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९५९ मध्ये 'द शेप ऑफ जॅझ टू कम' म्हणजे 'जॅझचे येणारे रूप' ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात पियानो नाही. कॉर्ड दाखवणारे वाद्यच काढून टाकल्यामुळे थांबे सांगणारा कंडक्टरच गाडीत उरला नाही! धून ज्या भावनेची, त्या भावनेचा हात धरून जायचे आणि सोबत्याने वळण घेतले की आपणही ऐकून वळायचे, एवढाच नियम राहिला.

१७ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या छोट्या कॅफेत या चौघांचे वादन सुरू झाले. दोन आठवड्यांचा करार होता. तो वाढत वाढत दहा आठवड्यांवर गेला. सारे संगीतविश्व ऐकायला लोटले आणि दोन तट पडले. लिओनार्ड बर्नस्टाईनसारख्या नामवंत संगीतकाराला ते विलक्षण वाटले. माइल्स डेव्हिससारख्या थोर ट्रम्पेटवादकाने नापसंती दाखवली. "याला वाजवता येत नाही" इथपासून "हा नवा युगप्रवर्तक" इथपर्यंत मते झाली.

२१ डिसेंबर १९६० रोजी त्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. एकेका बाजूला चार वादक असे दोन चमू एकाच खोलीत बसवले. एक चमू डाव्या कानाला ऐकू येतो, दुसरा उजव्या. सुमारे ३७ मिनिटे सलग वादन चालते. मध्ये मध्ये ठरवून बसवलेले छोटे तुकडे आहेत. बाकी सारे त्या क्षणी सुचलेले. त्या मुद्रिकेचे नाव 'फ्री जॅझ', मुक्त जॅझ. पुढे या पूर्ण प्रवाहालाच हे नाव पडले. त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६० मध्ये, ग्रीन्सबरो येथील कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या टेबलाशी जाऊन बसले होते. 'मुक्त' हा शब्द त्या काळी त्या समाजाला किती जवळचा होता, हे निराळे सांगायला नको.

पण मुक्त म्हणजे वाटेल ते, असा अर्थ करणे चूक ठरेल. मी ती ३७ मिनिटे तीनदा ऐकली. पहिल्यांदा गोंगाट वाटला. तिसऱ्यांदा लक्षात आले की एकाने टाकलेला सूर दुसरा उचलतो, तिसरा त्याला उत्तर देतो. आठ माणसे बोलत आहेत आणि आठही ऐकत आहेत. आपल्याकडच्या कित्येक सभांत हे साधत नाही.

कीर्ती मिळाली तरी पैसा मिळाला नाही. आपल्याला मोबदला कमी मिळतो म्हणून ऑर्नेटने दर वाढवले, तेव्हा कामेच कमी झाली. डिसेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये त्याने स्वतःच कार्यक्रम योजला आणि त्यानंतर दोनेक वर्षे तो जाहीर वादनापासून दूर राहिला. या काळात तो ट्रम्पेट आणि व्हायोलिन शिकला, तेही स्वतःच. १९६५ मध्ये तो परतला. १९६६ च्या एका मुद्रिकेत ड्रम वाजवायला त्याने आपला दहा वर्षांचा मुलगा डेनार्डो याला बसवले! पुष्कळांनी नावे ठेवली. पुढे तोच मुलगा अनेक वर्षे वडिलांच्या चमूत ड्रम वाजवीत राहिला.

आपल्याला अभिमान वाटावा असा एक धागा येथे आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला 'सायन्स फिक्शन' या मुद्रिकेसाठी ऑर्नेटने दोन गाणी गायला निवडली ती आशा पुथली, मुंबईची. शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेला तिचा आवाज त्या कॉर्डविरहित सुरांत परका वाटत नाही. आपल्या रागसंगीतात बदलते कॉर्ड नसतातच. त्यामुळे न्यूयॉर्कच्या जाणकारांना जो मोठा गुन्हा वाटला तो आपल्या कानाला गुन्हा वाटण्याचे कारण नाही.

१९७२ मध्ये त्याची 'स्काइज ऑफ अमेरिका' ही रचना लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ध्वनिमुद्रित केली. २००७ मध्ये 'साउंड ग्रामर' या थेट मैफलीच्या मुद्रिकेला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्याला स्वरांची नावे चुकली म्हणून हिणवले, त्याच्याच 'ध्वनीच्या व्याकरणा'चा हा गौरव! ११ जून २०१५ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

या चरित्रातून "चुका करा, मोठे व्हाल" असा बोध कोणी काढू नये. चुका सगळेच करतात. ऑर्नेटने आपली चूक दुरुस्त केली, लिफ्टमध्ये बसून शास्त्र शिकला. पण त्या चुकीतून जे ऐकू आले होते ते विसरला नाही. मीही आता "पाणी" म्हणायला शिकलो आहे. स्पर्धेत आणि परीक्षेत तसेच म्हणेन. घरी मात्र आईने दिलेले "पानी" पिताना मला कमीपणा वाटत नाही.

यंदाच्या प्रवेश अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी "शेतमजुरी व क्लॅरिओनेटवादन" असे लिहिले. रकाना लहान होता, अक्षर बारीक काढावे लागले.

वाचकांना एकच विनंती. 'लोनली वुमन' एकदा जरूर ऐका. पहिल्यांदा हसू आले तर हरकत नाही, मलाही आले होते. फक्त बंद करू नका; खालचा ठेका ऐका.