रहिमतपूरचा रात्री तीनचा खेळ

2016 च्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात ‘सैराट’ या मराठी चित्रपटाचे खेळ रात्री बारा आणि पहाटे तीन वाजता लावावे लागले. नेहमीचे खेळ पुरेनात, लोक हटेनात. कोरेगाव तालुक्यातलं हे छोटं गाव. आजूबाजूला सगळी शेती. या भागात माणूस पहाटे तीनला जागा असतो तो बहुधा रात्रीची लाईट आली म्हणून, उसाला दारं धरायला. त्या वेळेला तिकीट काढून सिनेमाला बसायचं! हा प्रकार आठवला की मी आजही थक्क होतो.

मध्यरात्रीच्या गर्दीचं जगातलं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे व्हिडिओ गेमच्या कन्सोलची विक्री. तिथे मध्यरात्र येते कुठून, ते पाहण्यासारखं आहे. कंपनी विक्रीची तारीख जाहीर करते आणि त्याआधी एकही खोकं विकायचं नाही, असं दुकानदारांना बांधून घेते. तारीख बदलते रात्री बाराला, म्हणून दुकानाचं शटर बाराला वर जातं. 22 नोव्हेंबर 2005 रोजी अमेरिकेत ‘एक्सबॉक्स 360’ हा कन्सोल असाच विक्रीला आला. लोक थंडीत रांगा लावून उभे होते, माल कमी पडला, आणि ज्यांना मिळाला त्यांच्यातल्या काहींनी तो लगेच इंटरनेटवर चढ्या भावाने विकायला काढला. आपल्याकडे ‘प्लेस्टेशन 5’ या कन्सोलची नोंदणी 12 जानेवारी 2021 ला दुपारी बारा वाजता उघडली आणि काही मिनिटांत संपली. तेव्हाची किंमत 49,990 रुपये. रांग होतीच, फक्त ती मोबाईलच्या पडद्यावर होती आणि कुणालाच पुढचा माणूस दिसत नव्हता.

कमी असलेली वस्तू जास्त हवीशी का वाटते? 1975 साली स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला. काही जणांसमोर दहा बिस्किटांची बरणी ठेवली, काहींसमोर दोनच बिस्किटांची. बिस्किटं एकाच प्रकारची. तरी दोनवाल्या बरणीतलं बिस्किट लोकांना अधिक हवंसं आणि अधिक किमतीचं वाटलं. आधी दहा दाखवून मग दोनच ठेवली, तेव्हा ओढ आणखी वाढली. आणि ‘बाकीची इतरांनी नेली’ असं कळल्यावर तर सगळ्यात जास्त. पण या प्रयोगातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: चवीच्या बाबतीत मात्र दुर्मीळ बिस्किटाला जास्त गुण मिळाले नाहीत. टंचाई हाव वाढवते, चव वाढवत नाही.

आता रहिमतपूरकडे वळू. कन्सोलचं खोकं एकाने नेलं की दुसऱ्याला मिळत नाही. सिनेमा कितीही जणांनी पाहिला तरी तेवढाच उरतो. संपते ती खुर्ची, आणि तीही त्या खेळापुरती. ‘सैराट’ 174 मिनिटांचा, म्हणजे तीन तासांना सहा मिनिटं कमी. त्यात मध्यंतर धरलं की एका पडद्यावर दिवसाकाठी बारा, तीन, सहा, नऊ असे चारच खेळ बसतात. गर्दी वाढली म्हणून गावातल्या थिएटरला दर दसपट करता येत नाही की रातोरात दुसरा पडदा उभा करता येत नाही. वाढवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रात्र. घड्याळाच्या दुसऱ्या फेरीत पुन्हा बारा आणि पुन्हा तीन. तीनचा खेळ सुटतो तेव्हा बाहेर उजाडलेलं असतं. जास्तीच्या पैशाऐवजी लोकांनी झोप मोजली, आणि झोप मजुराकडे आणि बागायतदाराकडे सारखीच असते.

‘दुसरा मार्गच नव्हता’ असंही म्हणता येत नाही. चित्रपट 29 एप्रिलला लागला आणि त्याची चोरटी प्रत लवकरच इंटरनेटवर फुटली. थोडं थांबलं असतं तर गर्दी ओसरली असती, आणि पुढे टीव्हीवर तर तो लागणारच होता. तरी लोक आले. कारण त्यांना चित्रपट पाहायचा होता तसाच तो सगळ्यांबरोबर पाहायचा होता. त्यातलं ‘झिंगाट’ गाणं लागलं की माणसं खुर्च्या सोडून नाचत होती, आणि तसं नाचायला भरलेलं थिएटर लागतं. करमाळ्याकडची बोली, विहिरी, उसाचे फड, नायक परशा आणि नायिका आर्ची: दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी पडद्यावर आणलेलं हे सगळं बघणाऱ्यांच्या ओळखीचं होतं.

रात्र जागवून खेळ बघायची सवय या मुलखाला जुनी आहे. शेजारच्या सांगलीत 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवलं. पुढे संगीत नाटकांच्या काळात ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ पडत आणि खेळ पहाटेपर्यंत लांबत. वन्समोअर म्हणजे दुसरं काय? चव घेतल्यानंतरची मागणी.

मला दोन मध्यरात्रींमधला फरक इथे दिसतो. कन्सोलच्या रांगेतल्या माणसाने ती वस्तू अजून घरी नेलेली नसते. त्याची घाई जाहिरातीवर, तारखेवर आणि टंचाईवर उभी असते, आणि ती वेळ कंपनीने आधीच ठरवलेली असते. रहिमतपूरची मध्यरात्र कुणी ठरवली नव्हती. आधी पाहून आलेल्यांनी गावात जाऊन सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी थिएटरवाल्याला ते खेळ लावायला भाग पाडलं. याला मी अधिक खरी मागणी म्हणतो.

‘सैराट’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. मराठी चित्रपटाने तो पहिल्यांदाच ओलांडला होता. त्या आकड्यात रात्री तीनचं तिकीट आणि दुपारी तीनचं तिकीट सारखंच मोजलं गेलं. तेव्हा तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी त्या खेळाला गेलं असेल, तर कशाने गेलात, कुणाबरोबर गेलात, सकाळी कामावर कसे पोचलात, हे लिहून ठेवा.