अपंगांचें फिरणें व चेन्नईची लाकडी वाट

सुटीच्या दिवशीं घरांतील मंडळी बागेंत किंवा समुद्रावर जावयास निघाली म्हणजे बहुतेक एकत्र कुटुंबांत एक तरी माणूस मागें राहतें. कोणी पक्षघातानें एक बाजू लुळी पडलेले आजोबा, कोणी लहानपणीं पोलिओनें पाय दुबळे झालेला पुतण्या, कोणी दृष्टि गेलेली आत्या. त्यांना "येऊं नका" असें कोणीच म्हणत नाहीं. तींच म्हणतात, "मला आज कंटाळा आला आहे, तुम्ही जाऊन या." कांहीं वर्षांनीं घरांतील सर्वांची अशी खात्रीच होऊन बसते कीं, या माणसाला मुळीं बाहेर जाण्याची आवडच नाहीं! आवड कोठें गेलेली नसते. दुसऱ्यास ओझें होण्याची लाज तिच्यावर येऊन बसलेली असते. औषध, पथ्य, शुश्रूषा यांत कांहीं उणें पडूं न देणारीं आमचीं घरें मोकळ्या हवेचा विचार मात्र चैनीच्या सदरांत टाकतात.

हा प्रश्न चैनीचा नसून बांधकामाचा आहे, हें चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर फार चांगलें पाहावयास मिळतें. या किनाऱ्याशीं महाराष्ट्राचा एक दूरचा संबंध आहे, तो जातां जातां सांगतों. तेथील फिरावयाचा रस्ता १८८४ च्या सुमारास मद्रासचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनीं करविला आणि 'मरिना' हें नांवहि त्यांनींच ठेविलें. साताऱ्यास रेसिडेंट असलेले, मराठ्यांच्या इतिहासाचे कर्ते ग्रँट डफ हे यांचे वडील. असो. त्याच काळांत तेथील बंदराचे धक्के बांधले जात होते, व त्यांच्या आडोशास दक्षिणेकडे सारखी वाळू सांचत जाऊन रस्ता आणि पाणी यांमधील अंतर शेंकडों फूट वाढलें.

धडधाकट माणसास ही वाळू म्हणजे मौज. चपला हातांत घेतल्या कीं झालें. परंतु चाकाच्या खुर्चीस ती खंदकासारखी आहे. खुर्चीचीं चाकें अरुंद असतात. माणसाचा व खुर्चीचा सारा भार चार बोटांच्या जागेवर येतो. चाक रुततें, आणि ढकलणारा जितका जोर लावील तितकें पुढचें लहान चाक अधिकच खोल जातें. कुबडीची व काठीचीहि तीच गत. "मग उचलून न्यावें," असें कोणी सहज म्हणतील. दोन तरुण नातू आजोबांना खुर्चीसकट उचलतात, त्यांतील माया खोटी नाहीं. पण ज्या गृहस्थानें तीस वर्षें कचेरी गाजविली, त्यास चारचौघांदेखत गांठोड्यासारखें उचललें जाण्यांत काय वाटतें, हें त्याच्या तोंडाकडे पाहिल्यास कळतें. शिवाय परत केव्हां फिरावयाचें, हेंहि उचलणाऱ्यांच्या सवडीवर.

चेन्नईंतील अपंगांच्या संघटनांनीं याविषयीं वर्षानुवर्षें मागणी चालविली होती. ३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. त्या सुमारास कांहीं वर्षें वाळूवर तात्पुरती वाट अंथरीत आणि पुढें ती काढून घेत. वर्षांतून एकदां समुद्र! अखेर २७ नोव्हेंबर २०२२ रोजीं तेथें कायमची लाकडी वाट खुली झाली. लांबी २६३ मीटर, रुंदी ३ मीटर, खर्च सुमारें १ कोटी १४ लाख रुपये. एवढी रुंदी हा उधळेपणा नव्हे. येणाऱ्या व जाणाऱ्या खुर्च्यांना एकमेकींस वाट देतां आली पाहिजे, आणि शेजारून बोलत चालणाऱ्या सोबत्यासहि जागा हवी. सोबती सदा पाठीमागेंच राहिला म्हणजे फिरणें होतें, पण गप्पा होत नाहींत.

वाट खुली होऊन दोन आठवडे झाले नाहींत तोंच ९ डिसेंबरच्या रात्रीं 'मंदोस' चक्रीवादळ महाबलिपुरमजवळ किनाऱ्यास थडकलें, आणि वाटेचा कांहीं भाग मोडला. महानगरपालिकेनें तो दुरुस्त करून वाट पुन्हा चालू केली. आम्हांस या हकीकतींत उद्‌घाटनापेक्षां ही दुरुस्तीच अधिक मोलाची वाटते. पूल वाहून गेला तर तो पुन्हा बांधतात. नदी ओलांडण्याची हौस सोडा, असें गांवकऱ्यांस कोणी सांगत नाहीं. अपंगांची सोय मात्र एकदां मोडली कीं ती मोडलेलीच राहावी, अशी पुष्कळ ठिकाणीं वहिवाट आहे.

आपल्या गांवच्या बागेंत वाळू नसते. तरी खंदक तेथेंहि आहेत; लहान असल्यामुळें ते डोळ्यांत भरत नाहींत इतकेंच. पहिला दरवाज्याशीं. गुरें व फटफट्या आंत शिरूं नयेत म्हणून लावलेलें वांकडें लोखंडी फाटक खुर्चीसहि अडवितें. खुर्चीस सुमारें ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी व वळण्यास दीड मीटरचें वर्तुळ लागतें. दुसरा पायऱ्यांचा. उतरणीचें प्रमाण एकास बारा असावें असा सर्वत्र मानलेला नियम आहे. म्हणजे अर्धा फूट उंचीच्या एकाच पायरीसाठीं सहा फूट लांब उतरण पाहिजे, आणि तीन पायऱ्या असल्या तर अठरा फूट. हें त्रैराशिक प्राथमिक शाळेंतील मुलासहि येईल. पण जागा नाहीं या सबबीवर तीन-चार फुटांतच फळी टेकविल्यासारखी उतरण करतात, व तिच्यावर चाकाच्या खुर्चीचें चित्र मात्र सुबक रंगवितात! तिच्यावरून वर चढणें अशक्य आणि खालीं येणें जिवावरचें.

मग वाटेवरची शोभेची खडी, व शेवटीं शौचकूप. याविषयीं लिहिण्यास संकोच बाळगण्याचें कारण नाहीं, कारण कित्येक सहली येथेंच अडतात. आंत धरावयास दांडी आहे कीं नाहीं, दार आंत उघडतें कीं बाहेर, यावर एखाद्या वृद्धेचें सकाळपासूनचें पाणी पिणें अवलंबून असतें. बाहेर जावयाचें म्हणून तहान मारून बसणाऱ्या स्त्रिया आम्हीं पाहिल्या आहेत.

दृष्टिहीनांचा प्रकार निराळा. बागेचा अर्धा आनंद डोळ्यांचा नसतोच. मोगरा, मरवा, सोनचाफा, कारंज्याचा आवाज, भिजलेली माती हें सर्व त्यांचेंहि आहे. त्यांना हवी काठीस कळेल अशी वाटेची कड, कपाळावर न आपटणाऱ्या फांद्या, आणि हातास लागतील अशा ब्रेल लिपींतील पाट्या. परंतु सोय कोणासाठीं आहे हें विसरलें म्हणजे काय होतें, याचें विलक्षण उदाहरण अमेरिकेंत घडलें. वॉशिंग्टन येथें १९९७ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांचें उघड्यावरील मोठें स्मारक-उद्यान झालें. तेथें शिल्पांत ब्रेलचे ठिपके बसविले, ते शोभेपायीं इतके मोठे कीं अंधांना वाचतांच येईनात. रूझवेल्ट स्वतः चाकाची खुर्ची वापरीत. पण ती स्पष्ट दाखविणारा पुतळा अपंगांनीं आग्रह धरल्यावर २००१ मध्यें तेथें आला.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारांतील ३० वें कलम करमणूक व खेळ यांत भाग घेणें हा अपंगांचा हक्क मानतें, आणि भारतानें तो करार २००७ मध्यें स्वीकारला. २०१६ चा आपला स्वतंत्र कायदाहि आहे. अडचण नियमांत होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं तेव्हांचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें राजीव रतूरी यांच्या २००५ पासून चाललेल्या खटल्यांत निकाल दिला कीं, २०१७ च्या नियमांपैकीं सुगम्यतेचा नियम सल्ल्यासारखा असून मूळ कायद्याशीं विसंगत आहे. सरकारनें तीन महिन्यांत बंधनकारक मापें ठरवावींत. म्हणजे उतरण हा उपकार नव्हे, तिचें माप हाच कायदा. सरकारी लिखाणांत हल्लीं 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. संस्कृताच्या दृष्टीनें समासांत दोष नाहीं; परंतु दिव्य अंगाच्या माणसास पायरीपाशीं थांबावें लागत असेल, तर त्यास नव्या शब्दापेक्षां जुनी सिमेंटची उतरण बरी. २०११ च्या शिरगणतींत एकट्या महाराष्ट्रांत अपंगांची संख्या २९ लाखांहून अधिक भरली आहे, आणि केवळ वार्धक्यानें गुडघे धरलेल्यांची गणना तींत फारशी नसावी.

घरच्या मंडळींनीं करण्यासारखें काम लहान पण नेमकें आहे. पुढल्या खेपेस बागेंत जातांना शिंप्याची टेप बरोबर न्यावी. फाटकाची रुंदी, पायरीची उंची, उतरणीची लांबी, शौचकूपाच्या दाराची रुंदी, अशीं चार मापें घ्यावींत व तीं नगरपालिकेस लिहून कळवावींत. "अपंगांची गैरसोय होते" या मोघम तक्रारीस मोघमच उत्तर येतें. "पायरी सात इंच, उतरण तीन फूट" या वाक्यास तसें उत्तर देणें कठीण. उत्तर न आल्यास पुण्यास दिव्यांग कल्याण आयुक्तांची कचेरी आहे, तेथें नक्कल पाठवावी. मापें घेण्यास जातांना ज्यांच्यासाठीं हा खटाटोप त्यांनाच बरोबर न्यावें; चाक कोठें अडतें हें त्यांना अधिक कळतें, आणि पत्राखालीं पहिली सही त्यांचीच असावी.