लाकडाचीही चाळ हवी

चाकणचा कांदा कोणाला ठाऊक नाही? शेतकरी तो चाळीत भरतो. चाळ जमिनीपासून उंच असते. खालून, बाजूंनी वारा खेळतो. वर छप्पर असते. कातकामाचे लाकूडही असेच जपावे लागते.

आम्ही शाळेत असताना मुलांना भोवरे कातायला शिकवायचे ठरवले. बाभळीचे ओले ओंडके आणले आणि भर उन्हात टाकले. म्हटलं, लवकर वाळतील. थोड्याच दिवसांत तोंडांना भेगा पडल्या. म्हातारे कातारी म्हणाले, "गुरुजी, आता हे चुलीत घाला." पैसे गेले. चूक आमचीच होती.

असे का झाले? ओल्या लाकडात पुष्कळ पाणी असते. लाकूड वाळताना आकसते. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी फार लवकर जाते. तोंड आकसते, पोट ओलेच राहते. मग ओढाताण होऊन लाकूड फाटते.

म्हणून ओंडका कापल्याबरोबर दोन्ही तोंडांना मेण किंवा जाड तेलरंग लावावा. ओंडका गाभ्यातून उभा चिरावा. साल काढावी, सालीखाली कीड घर करते. विटांवर, जमिनीपासून फूटभर उंच, फळ्या रचाव्यात. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात. वर पत्रा, बाजू मोकळ्या. वारा हवा, ऊन-पाऊस नको.

वाळायला किती दिवस? इंचभर जाडीला एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. पण खरी परीक्षा तराजूची. एक तुकडा दर पंधरा दिवसांनी तोला. उन्हाळ्यात वजन उतरायचे थांबले, की लाकूड वाळले समजा. पावसाळ्यातल्या वजनावर भरवसा नको. दमट हवेतले पाणी लाकूड पुन्हा ओढून घेतं.

चाकणच्या कारखान्यांतला माल लाकडी पेट्यांतून परदेशी जातो. पेटीवर 'एचटी' असा छाप दिसतो. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले असते. त्याने कीड मरते. लाकूड वाळतेच असे नाही. असे लाकूड मिळाले तरी तोलूनच घ्या.

ओल्या लाकडाचं लाटणं विकलं, तर ते गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन तडकतं. ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. तेव्हा प्रत्येक फळीवर खडूने तारीख आणि वजन लिहा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ती अक्षरे तुमची मेहनत वाचवतील.