हजार चंद्र आणि एक काळी काठी

२६ डिसेंबर १९२४. बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन सुरू झालं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. समजा, त्याच दिवशी निपाणीत एका घरी मुलगी झाली. ती जन्मली मुंबई इलाख्यात. पंचविशीत आली तेव्हा इलाख्याचं मुंबई राज्य झालं होतं. १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी ती जागी झाली ती म्हैसूर राज्यात, आणि १९७३ साली त्याच तारखेला ती कर्नाटकची झाली. एवढ्या काळात तिनं निपाणी सोडलीही नसेल. ही मुलगी कल्पनेतली आहे, पण सीमाभागात असं आयुष्य काढलेली माणसं खरोखरच आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरचं आकाश तर पुरतं खरं आहे.

त्या आकाशाचा हिशेब मला फार दिवस खुणावत होता. आपल्याकडे माणूस ऐंशीच्या पुढे गेला की घरात सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी सुरू होतात. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस! पण हजार म्हणजे नक्की किती वर्षं? कुणी ८० वर्षं ८ महिने सांगतात, कुणी ८१ पूर्ण धरतात. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. हजार पौर्णिमांमध्ये अंतरं ९९९. गुणाकार केला की २९,५०१ दिवस येतात, म्हणजे ८० वर्षं आणि सव्वानऊ महिने. जन्म पौर्णिमा नुकतीच सरल्यावर झाला असेल, तर त्यात आणखी महिनाभराची भर.

आता गंमत बघा. वर्षाच्या बारा पौर्णिमा असा सरळ हिशेब केला, तर हजाराला ८३ वर्षं ४ महिने लागायला हवेत. मधली अडीच वर्षं कुठे गेली? ती अधिक महिन्यांनी भरून काढली. साधारण ३२ महिने १६ दिवसांनी एक अधिक महिना येतो, आणि ऐंशी वर्षांत असे तीस महिने जमतात. ज्या धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाला अनारसे देतो, त्यानंच म्हाताऱ्या माणसाच्या झोळीत तीस पौर्णिमा जास्तीच्या टाकलेल्या असतात. ८० वर्षं ८ महिन्यांचा रूढ आकडाही असाच सुटतो. ऐंशी वर्षं आठ महिन्यांचे सौर महिने ९६८, आणि अडीच वर्षांनी एक अधिक असा ढोबळ मेळ धरला तर अधिक महिने ३२. बेरीज बरोब्बर हजार.

काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार समाजात वृद्धांना रथात बसवून मिरवतात आणि मुलं-नातवंडं तो रथ ओढतात. पहिला सोहळा ७७ वर्षं, ७ महिने, ७ दिवसांनी होतो. हजार चंद्रांचा दुसरा सोहळा ८३ वर्षं, ४ महिने, ४ दिवसांनी. हजाराला बारानं भागा, ८३ वर्षं ४ महिनेच येतात! तोच चंद्र, तोच हजारांचा आकडा, पण नेवारांचा हिशेब बारानं होतो आणि आपला अधिकासकट. दोन समाजांच्या सोहळ्यांत जे अडीच वर्षांचं अंतर पडलं आहे, ते कालगणनेचं आहे, हे कागदावर आकडे मांडल्यावर माझ्या ध्यानात आलं आणि मी थक्क झालो.

आपल्या निपाणीच्या मुलीचं काय? जन्मानंतर पंधरवड्यानं, जानेवारी १९२५ मध्ये, पौष पौर्णिमेला तिच्या आयुष्यातला पहिला पूर्ण चंद्र उगवला. तिथून मोजत गेलं की हजारावा येतो १७ ऑक्टोबर २००५ ला. ती आश्विन पौर्णिमा होती.

हजार चंद्र पाहिलेल्या माणसाचं घरी काय करतात? कणकेचे दिवे लावून लेकी-सुना ओवाळतात. कुठे ८१ दिवे असतात, कुठे हजार वाती. दिव्याची कणीक घट्ट मळावी लागते, नाहीतर तूप पाझरतं आणि ताट चिकट होतं. ८१ दिवे एका ताटात मावत नाहीत, मग परातीत मांडायचे; आणि पेटलेली परात एकटीला उचलत नाही, म्हणून दोघी-तिघींनी मिळून धरायची. खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या चेहऱ्यावर त्या सगळ्या ज्योतींची ऊब येते आणि ते डोळे मिचकावतात. कुणी गुळाची तुला करतात, कुणी वह्या-पुस्तकांची. पणतू झाला असेल तर पणजी-पणजोबांवर सोन्याची फुलं उधळतात. गुंजभर सोन्याचीच का होईना, पण सोन्याची. शेजारच्या कानडी घरांतही सहस्र चंद्र दर्शनाची शांत होते. सीमेवर ज्या थोड्या गोष्टी दोन्ही भाषांनी न भांडता सारख्याच जपल्या, त्यांत म्हाताऱ्यांचा मान आहे.

हा झाला घरचा मान. गावचा मान वेगळा. गणेशोत्सवात, शाळेच्या कार्यक्रमात, सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘गावातील ज्येष्ठ नागरिक’ म्हणून नाव पुकारलं जातं. फेटा, शाल, श्रीफळ, जमलं तर चौकटीतलं मानपत्र आणि एक स्मृतिचिन्ह. फेटा बांधणारा कोल्हापुरी हात असेल तर पाहत राहावं: कापडाचं एक टोक दातात, दुसरं कुणीतरी ताणून धरलेलं, आणि बघता बघता पांढऱ्या केसांवर तुरा उभा राहतो. ते स्मृतिचिन्ह मात्र घरी जातं, टीव्हीवरच्या फळीवर बसतं आणि तिथेच राहतं. गावाकडे त्याची काही खूण उरत नाही.

आणि इथे मला एक दूरची गोष्ट सांगायची आहे.

१९०९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ‘बोस्टन पोस्ट’ या दैनिकाचे प्रकाशक एडविन ग्रोझियर यांनी न्यू इंग्लंडच्या सुमारे ७०० गावांच्या पंचांना एकेक काठी पाठवली. शहरं वगळून, फक्त गावांना. लाकूड काळं आबनूस, आफ्रिकेतल्या काँगोमधून ओंडक्यांनी आणलेलं. काठीच्या मापानं कापून सहा महिने सुकत ठेवलेलं, मग चरकावर धरून झिलई दिलेलं. मुठीला चौदा कॅरट सोन्याचं, दोन इंची, हातानं नक्षी केलेलं टोपण. त्यावर कोरलं होतं की ही काठी गावातल्या सर्वांत वयोवृद्ध नागरिकासाठी आहे आणि ती पुढे सुपूर्द करायची आहे. काठी माणसाची नव्हे, गावाची. तो गेला की पंचांनी ती परत घ्यायची आणि त्याच्यामागोमाग जो सर्वांत वडीलधारा असेल त्याच्या हाती द्यायची. आपल्याकडच्या फिरत्या ढालीसारखी, फक्त ही जिंकायला कुणी धावत नाही.

वर्तमानपत्राचा खप वाढवण्याची ही युक्ती होती, हे उघड आहे. पण पुढे झालं ते अद्भुत आहे. ‘बोस्टन पोस्ट’ १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये बंद पडला, म्हणजे इकडे बेळगाव-निपाणीचं राज्य बदललं त्याच्या महिनाभर आधी. वर्तमानपत्र गेलं, काठ्या राहिल्या. कितीतरी गावांत ती रीत आजही चालू आहे. काही काठ्या हरवल्या, काही कुटुंबांनी परत दिल्या नाहीत, काही माळ्यावर किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडल्या. शहाण्या झालेल्या गावांनी मग मूळ काठी नगरभवनात काचेआड ठेवली आणि मानकऱ्याला तिची प्रतिकृती द्यायला सुरुवात केली. काही म्हाताऱ्यांनी काठी नाकारलीसुद्धा: हातात आली की आपला नंबर लागला, अशी भीती. आपल्याकडे वय मोठ्यानं सांगितलं की आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला उठते. त्या माणसांची धाकधूक मला पूर्ण समजते.

या दोन रीतींतला फरक फार खोल आहे, असं मला वाटतं. काठीचा मान एकालाच मिळतो, आणि तो मिळायला आधीचा मानकरी जावा लागतो. हजार चंद्रांच्या मानाला कुणाच्या जाण्याची वाट पाहावी लागत नाही. एकाच गल्लीत पाच जण हजारी असू शकतात. चंद्रानं स्पर्धा ठेवलेलीच नाही. पण आपल्या रीतीत एक उणीव आहे: सोहळा घराच्या चार भिंतींत होतो, आणि ज्यांच्या मागे करणारं कुणी नाही त्यांचा होतच नाही. तिथे गावानं हात पुढे करायला हवा.

सरकारांनीही म्हाताऱ्यांचा असा मान करून पाहिला आहे. जपाननं १९६३ मध्ये शंभरी गाठणाऱ्यांना चांदीचा साकेचा पेला द्यायला सुरुवात केली तेव्हा देशात शंभरी ओलांडलेले १५३ जण होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ते ९५,११९ झाले. पेला आधी लहान करावा लागला आणि २०१६ पासून शुद्ध चांदीऐवजी चांदीचा मुलामा आला. म्हातारी माणसं इतकी वाढली की चांदी पुरेना, यापेक्षा आनंदाची टंचाई कुठली असेल! आपल्या देशानं तर दोघांना शंभराव्या वाढदिवशी थेट टपाल तिकिटावर आणलं, जिवंतपणी. १८ एप्रिल १९५८ ला महर्षी धोंडो केशव कर्वे आणि १५ सप्टेंबर १९६० ला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. एक कोकणातल्या मुरुडचे, दुसरे म्हैसूरकडचे आणि पुण्यात शिकून इंजिनिअर झालेले. दोघेही भारतरत्न, दोघेही १९६२ साली गेले. मान म्हणून काढलेली, टपाल तिकिटाइतक्या हातांतून फिरलेली दुसरी वस्तू मला माहीत नाही.

काठीच्या गोष्टीत एक सल आहे. सुरुवातीला ती फक्त पुरुषांसाठी होती. बायका त्यांच्याहून जास्त जगत होत्या, तरी काठी जायची गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या पुरुषाकडे. १९३० साली, बराच वाद झाल्यावर, स्त्रियांना ती मिळू लागली. आपण यावर नाक मुरडायचं कारण नाही. गावातलं सर्वांत मोठं माणूस बहुतेक वेळा बाई असते आणि त्या वयात ती बहुधा विधवा असते. आणि विधवेला कुंकू लावायचं नाही, ओवाळायला पुढे घ्यायचं नाही, हे आपल्याच घरांत चालत आलं आहे. नव्वदीची आजी स्वतःच्याच सत्काराला मागच्या रांगेत बसलेली पाहिली की जीव कळवळतो. म्हणून निपाणीपासून फार लांब नसलेल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये केलेला विधवा प्रथा बंदीचा ठराव मला या विषयातला सगळ्यात मोठा मानपत्राचा कागद वाटतो. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

सर्वांत वयोवृद्ध कोण, हे ठरवायचं कसं, हाही एक सुंदर प्रश्न आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या अनेकांची खरी तारीख कागदावर नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली ती कायमची झाली. मग आठवणींना धरून मागे जावं लागतं. मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ साली, घरातलं कोण गेलं? गांधीजी बेळगावला आले तेव्हा तुम्ही चालत होता की कडेवर होता? बेचाळीसला लग्न झालं होतं का? छप्पनच्या आंदोलनात थोरला मुलगा केवढा होता? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपानं भांडी वाजली तेव्हा नातू झाला होता का? लोकसंख्येचे अभ्यासक असाच घटनांचा तक्ता करून वय काढतात. सीमाभागात हा तक्ता विशेष भरगच्च आहे. म्हाताऱ्या माणसाचं वय विचारायला बसावं आणि तासाभरात अख्ख्या मुलखाचा इतिहास पदरात पडावा, असं इथे सहज घडतं.

म्हणून माझी एक मनापासून मागणी आहे. निपाणीनं, चिकोडीनं, खानापूरनं, बेळगावच्या एकेका गल्लीनं गावाच्या मालकीची एक काठी करावी. लाकूड शिसवी. मूठ चांदीची, आणि त्यासाठी लांब जायला नको. चांदीच्या दागिन्यांचं हुपरी निपाणीला हाकेच्या अंतरावर आहे. मुठीवर गावाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही सारख्याच अक्षरांत. पहिल्या दिवसापासून ती बाईलाही मिळावी, विधवेलाही, ज्याच्या घरी ओवाळायला कुणी नाही त्यालाही. मूळ काठी गावच्या वाचनालयात कुलपात राहावी आणि मानकऱ्याला तिची जोड काठी मिळावी, म्हणजे हरवण्याची धास्ती नको. आणि काठी देताना त्या माणसाकडून एक वही भरून घ्यावी: जन्मसाल कसं काढलं, कोणती साथ आठवते, कोणता बाजार कुठे भरायचा, तंबाखूचा भाव काय होता, छप्पनच्या नोव्हेंबरात घरात काय बोलणं झालं. वही काठीबरोबर पुढच्या मानकऱ्याकडे जावी आणि त्यानं पुढची पानं लिहावीत. हात थरथरत असेल तर तो सांगेल आणि शाळेतली नातवंडं लिहितील, ज्याला जी लिपी येते त्या लिपीत.